चेहऱ्यात काजळ नाही : मलिक अंबरच्या शबीहच्या कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

आजपासून सुरुवात. हाशिम नावाच्या मुघल चितारानं १६२०च्या सुमारास निजामशाहीचा हाबशी वजीर मलिक अंबर याची शबीह, म्हणजे हुबेहूब व्यक्तिचित्र, केली. ती जुन्या क्रमानं, म्हणजे कागद चिकटवण्यापासून डोळा उघडण्यापर्यंत, स्वतःच्या हातानं उतरवायची आहे. मूळ चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. माझ्याकडे आहे तो संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून मोठा छापून घेतलेला फोटो.

हे डोक्यात आलं शाळेत. सातवीच्या मुलांना 'आपलं गाव कुणी वसवलं' या विषयावर चित्र काढायला दिलं होतं. मलिक अंबरनं १६१०मध्ये खडकी वसवली. खडकीचं औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर. मुलांनी अंबर काढला, पण जवळजवळ सगळ्यांनी चेहऱ्यावर काळं स्केचपेन फिरवलं आणि त्यात दोन पांढरे डोळे ठेवले. एक मुलगी म्हणाली, "बाई, काळा माणूस काढला की नाक-ओठ दिसतच नाहीत." मी तिथल्या तिथे फळ्यावर करून दाखवायला गेले आणि मलाही जमलं नाही. वीस वर्षं चित्रकला शिकवतेय. मग ठरवलं की ज्याला चारशे वर्षांपूर्वी हे जमलं होतं, त्याच्याकडूनच शिकायचं.

१६ नोव्हेंबर

कागझीपुऱ्याला जाऊन आले. दौलताबाद ओलांडून खुलताबादच्या वाटेवर हे गाव लागतं. मुहम्मद तुघलकानं राजधानी देवगिरीला आणली तेव्हा कागद करणारी माणसं इथे आली, असं गावात सांगतात. चिंध्यांचा लगदा हौदात कालवतात, त्यात साचा बुडवून वर उचलतात, पाणी निथळतं आणि जाळीवर कागद राहतो. बघायला सोपं वाटतं. कागद करणाऱ्या चाचांनी माझ्या हातात साचा दिला तर माझा कागद एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला नुसता जाळीदार झाला.

"बेटी, हात हलवायचा नाही. पाण्यालाच ठरवू दे," चाचा म्हणाले.

त्यांना पातळ कागद हवा म्हटल्यावर त्यांनी कशाला म्हणून विचारलं. अंबरची तसवीर करायची आहे म्हटलं, तर त्यांनी गठ्ठ्यातून एकेक ताव उजेडासमोर धरून, गुठळी नसलेले निवडून दिले.

येताना खुलताबादला थांबले. अंबरची कबर जर जरी जर बख्श यांच्या दर्ग्यापासून जवळच आहे. घुमट त्यानं हयातीतच बांधवून घेतला होता. आत अंधार आणि गारवा. जवळच बायकोची, बीबी करीमाची कबर. तिथे अर्धा तास बसले. वहीत काही काढलं नाही.

१९ नोव्हेंबर

वसली करायला घेतली. वसली म्हणजे पातळ कागदाचे थर एकावर एक चिकटवून केलेला पुठ्ठा, ज्यावर हे चितार रंगवत. मैद्याची लेई शिजवली आणि किडीसाठी त्यात चिमूटभर मोरचूद घातला. चार थर. प्रत्येक थरावर ओल्या फडक्यानं मधून कडेकडे हवा काढत न्यायची.

२१ नोव्हेंबर

पहिली वसली वाया गेली. घाईनं उन्हात ठेवली आणि ती पापडासारखी वळली. पुन्हा तीन केल्या, या वेळी सावलीत, आजीच्या जात्याच्या तळीखाली दाबून. जातं दळायला बंद झालं त्याला तीस वर्षं झाली, आता कामाला आलं.

२६ नोव्हेंबर

घोटाई. अकीकाच्या गुळगुळीत दगडानं वसली घोटत राहायची. आधी उलट्या बाजूनं, मग सुलट्या. एका वसलीला दोन तास गेले. खांदा भरून आला. कागदाचा केसाळपणा जातो आणि हात फिरवला तर हस्तिदंतासारखा लागतो. इतकं का घोटायचं ते पहिली रेघ ओढल्यावर कळलं. ब्रश कुठेच अडत नाही. या पृष्ठभागावर केसाएवढी रेघ शक्य आहे आणि साध्या कागदावर ती अशक्य आहे, मग हात कितीही तयार असो.

३० नोव्हेंबर

खाका. जुने चितार हरणाच्या पातळ कातड्यावर मूळ चित्राची रेघ उतरवत, तिला सुईनं टोचत आणि वरून कोळशाची पूड थोपटत. ठिपक्याठिपक्यांनी आकृती खालच्या कागदावर उतरायची. मी कातड्याऐवजी बटर पेपर घेतला. आई शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "अगं, हे तर आपलं भरतकामाचं छापणं!" खरंच की. लहानपणी उशांच्या अभ्र्यांवर मोर उतरवायला ती असाच कागद टोचायची आणि रॉकेलमध्ये नीळ कालवून बोळ्यानं फिरवायची. मग टोचायचं काम तिनंच घेतलं. जाम्याची, म्हणजे अंबरच्या अंगरख्याची, सगळी कड तिच्या हातची आहे.

ठिपके जोडत रेघ ओढताना हाशिम पहिल्यांदा थोडा कळला. कपाळापासून हनुवटीपर्यंतची रेघ एका दमात ओढलेली आहे, पण ती एकसारखी नाही. कपाळावर अगदी पातळ, नाकपुडीशी किंचित दाबलेली, ओठांच्या मध्ये जवळजवळ नाहीशी. अकबराच्या काळातले चेहरे बहुतेक पाऊण बाजूनं आहेत. जहांगीरच्या काळात दरबारी शबीह एकबाजू होत गेली. एकबाजू चेहऱ्यात चिताराला लपायला जागा नाही. नाकाची रेघ चुकली की माणूस चुकला.

७ डिसेंबर

पाऊस नाही पण दिवसभर ढग. या उजेडात रंगवता येत नाही, म्हणून वाचन.

अकबराच्या चित्रशाळेत एकेका चित्रावर दोन-तीन जण काम करत. एक आराखडा आखायचा, दुसरा रंग भरायचा आणि चेहरे करणारा वेगळा. या चेहऱ्यांच्या कामाला 'चेहरानामी' म्हणत. जहांगीरनं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की, एका चित्रात अनेक उस्तादांनी चेहरे केले असतील तर कोणता कुणाचा ते मी सांगतो, आणि एकाच चेहऱ्याचे डोळे-भुवया दुसऱ्यानं केल्या असतील तर तेही ओळखतो. बादशाहाची ही बढाई आहे असं मला आधी वाटायचं. आता, महिनाभर एकाच चेहऱ्याकडे बघितल्यावर, ती खरी असावी असं वाटतं. अशा मालकापुढे काम करायचं म्हणजे केवढं दडपण असेल!

बिशनदासची गोष्ट तर मला फार आवडते. शबीह करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, असं जहांगीर म्हणतो. १६१३मध्ये खान आलमच्या वकिलातीबरोबर त्याला इराणला धाडलं, कशासाठी तर शाह अब्बास आणि त्याच्या सरदारांचे चेहरे करून आणण्यासाठी. परत आल्यावर बादशाहानं त्याला हत्ती दिला. जिथे फोटो नाही तिथे चितार हाच राज्याचा डोळा. दूरच्या राजाची बुद्धी, भीती, वय हे सगळं बादशाह कागदावरून वाचणार.

१६१६चा आणखी एक प्रसंग. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो अजमेरला दरबारात होता. त्याच्याजवळ एक छोटी इंग्रजी तसवीर होती. तिकडची पद्धत वेगळी : वासराचं पातळ कातडं खेळायच्या पत्त्यावर चिकटवायचं आणि त्यावर तळहातात मावेल एवढा चेहरा करायचा. निकोलस हिलियर्ड हा तिकडचा मोठा उस्ताद तेव्हा हयात होता. जहांगीर म्हणाला, माझे चितार हुबेहूब करतील. रोचा विश्वास बसेना. काही दिवसांनी मेणबत्तीच्या उजेडात त्याच्यापुढे सहा तसबिरी मांडल्या, एक त्याची आणि पाच इथल्या. आपली कोणती ते ओळखताना त्याची तारांबळ उडाली, आणि ते त्यानं स्वतःच प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. एकीकडे पत्त्यावरचं कातडं आणि दुसरीकडे लेईनं चिकटवलेली वसली. दोन्हीकडची माणसं खाली मान घालून एकाच गोष्टीच्या मागे लागलेली : हा माणूस तोच वाटला पाहिजे.

१४ डिसेंबर

रंग घोटले. गेरू, हिरमिजी (गडद लाल), पिवडी (पिवळा), नीळ, काजळ आणि पांढऱ्यासाठी सफेदा. जुना सफेदा शिशाचा असे. मी जस्ताचा घेतला. हरताळ वापरणार नाही, त्यात विषारी सोमल असतो आणि मला ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची सवय आहे. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून गाळला. डिंक कमी पडला तर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर वाळल्यावर तडकतो. नेमकं प्रमाण सांगणारं वाक्य मला कुठे सापडलं नाही. नखावर थेंब घेऊन, वाळू देऊन, घासून बघणं हाच उपाय. रंग शिंपल्यांत काढून ठेवले.

ब्रशचं वेगळं. जुना ब्रश म्हणजे कबुतराच्या पिसाच्या देठात बसवलेले खारीच्या शेपटीचे केस. आमच्या पेरूच्या झाडावर दोन खारी आहेत. त्यांच्या शेपट्या त्यांनाच राहू देत. बाजारातला सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि ब्लेडनं त्याचे बाजूचे केस काढून मधले चार-पाचच ठेवले.

२२ डिसेंबर

आकृतीवर सफेद्याचा पातळ हात मारला. खालची रेघ धुक्यातून दिसावी तशी दिसते. तीच पुन्हा पक्की केली. मग गदरंग, म्हणजे सपाट, भरीव रंग. प्रत्येक थर वाळला की चित्र पालथं घालून मागून घोटायचं. त्यानं रंग कागदात बसतो.

जामा अवघड आहे. पांढरा, पातळ मलमलीचा. पांढरा म्हणून पांढरा फासला तर चुन्याची भिंत होते. आधी खालचं सगळं रंगवायचं, अंगसुद्धा, मग त्यावर पाण्यासारखा सफेदा, आणि जिथे कापड दुमडलंय तिथेच दाट रेघ. दख्खनच्या उन्हात असलं कापड घालणारा माणूस मला एकदम जवळचा वाटला.

४ जानेवारी २०२५

आजचा दिवस वाईट.

चेहरा करायला घेतला. गेरूत काजळ मिसळून त्वचेचा रंग केला आणि भरला. वाळल्यावर बघते तर चेहरा मेलेला. राखाडी छटा आली, गाल आत गेल्यासारखा, ओठ कुठे संपतात ते कळेना. आई स्वयंपाकघरातून येऊन बघून गेली. म्हणाली, "आजारी दिसतोय गं हा माणूस." तिला तो कोण हे माहीत होतं, तरी 'माणूस' म्हणाली.

ओल्या ब्रशनं रंग उचलायचा प्रयत्न केला तर घोटलेला थर खरवडला गेला. वसली फुकट. सगळा जामा गेला, आईची टोचलेली कड गेली. खाका मात्र शाबूत आहे.

संध्याकाळी लक्षात आलं की मी मुलांचीच चूक केली. स्केचपेनऐवजी काजळ, एवढाच फरक.

५ जानेवारी

काम नाही. फक्त फोटो भिंगातून बघितला, दोन तास.

११ जानेवारी

उरलेल्या वसलीच्या तुकड्यांवर अठरा चौकोन केले, वेगवेगळी मिश्रणं. शेवटी जे जमलं ते असं : खाली गेरू आणि थोडी पिवडी, उबदार आणि अगदी पातळ. त्यावर हिरमिजी. मग गेरूत नीळ मिसळली. तांबड्या मातीत नीळ पडली की खोल तपकिरी होतो, पिकलेल्या जांभळाच्या सालीखाली असतो तसा. या रंगात उजेड शिल्लक राहतो. काजळात तो बुडतो.

आणि तो रंगही फासायचा नाही. परदाज करायचा. म्हणजे ब्रशचं टोक जेमतेम ओलं ठेवून, केसासारख्या रेघोट्या आणि ठिपके, शेकडो, एकमेकींना न कापता, गालाच्या गोलाईबरोबर वळत जाणाऱ्या. जिथे सावली तिथे दाट, जिथे गालफडावर आणि कपाळावर उजेड तिथे विरळ, म्हणजे खालची उबदार छटा वर येते. उजेड वरून लावायचा नसतो, तो आधीच खाली ठेवलेला असतो आणि आपण फक्त त्याला झाकत नाही.

आजपासून नियम : चेहऱ्यात काजळ नाही. काजळ फक्त बुबुळाला आणि पापणीच्या कडेला.

१९ जानेवारी

नव्या वसलीवर चेहरा. सकाळी आठ ते दहा एवढाच उजेड धरायचा. पहिल्या दिवशी गाल. एका बसणीत तर्जनीच्या नखाएवढी जागा भरते. गुडघ्यावर फळी टेकवून, जमिनीवर बसून, हे चितार काढायचे तसंच. टेबलापेक्षा हात जास्त स्थिर राहतो.

हात चालू असताना डोकं दुसऱ्या एका चित्राकडे जात राहतं, त्याबद्दल आज लिहिते.

त्याच दरबारातल्या अबुल हसननं, जहांगीरच्या सगळ्यात लाडक्या चितारानं, १६१६च्या सुमारास एक चित्र केलं. ते आता डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, गोल बैलावर, बैल माशावर. बादशाहानं धनुष्य ताणलंय. समोर भाल्यावर मलिक अंबरचं कापलेलं मुंडकं, तोंडात बाण आणि वर घुबड. हे कधीही घडलं नाही. १६१६मध्ये जालन्याजवळ रोशनगावला मुघलांनी अंबरचा पराभव केला आणि खडकी जाळली, एवढं खरं. अंबर त्यातून उठला. १६२४मध्ये भातवडीला त्यानं मुघल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र फडशा पाडला. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूनं होते आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथे पडले. १६२६मध्ये, ऐंशीच्या घरात, अंबर आपल्या मरणानं मेला. जहांगीर आठवणींत त्याचं नाव शिवी जोडल्याशिवाय घेत नाही : काळतोंड्या, करंटा. जे रणात हाती लागलं नाही ते त्यानं कागदावर करून घेतलं.

ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा राग अबुल हसनवर होता. आता तसा राहिलेला नाही, कारण मुंडकं भिंगाखाली बघितलं. तो चेहरा हिणकस काढलेला नाही. हुकूम बादशाहाचा असेल, पण ब्रश चेहऱ्यापाशी आला की त्याला विद्रूप करणं त्या हाताला जमलेलं नाही.

आणि हाशिम? त्याच बादशाहाच्या पदरी असून त्यानं काय केलं बघा. भाला नाही, घुबड नाही, गोल नाही. एक वयस्क सेनापती स्वच्छ जाम्यात उभा. भरीव गाल, स्थिर नजर. हाबशी गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादच्या बाजारातून दख्खनला आलेला, निजामशाहीचा वजीर झालेला, मुघल दरबारात कधीही मुजऱ्याला न गेलेला माणूस त्यानं बिजापूरच्या इब्राहिम आदिलशाहाला किंवा खानखानान अब्दुर्रहीमला ज्या निगुतीनं रंगवलं त्याच निगुतीनं रंगवला. गालावरच्या प्रत्येक रेघोटीला हाच मान आहे. अंबर गेल्यावर जहांगीरचाच बखरकार मुअतमद खान लिहितो की, युद्धात, हुकमतीत आणि कारभारात त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. हाशिमनं हे तो जिवंत असतानाच लिहिलं होतं, फक्त गेरूनं आणि निळीनं.

२५ जानेवारी

नाक, ओठ झाले. ओठांच्या कडेला हिरमिजीत लाखेचा लाल, अगदी थेंबभर.

२ फेब्रुवारी

सोनं. वर्ख बशीत घेऊन मधाबरोबर बोटानं घोटत राहायचं, मग मध धुऊन काढायचा. तळाला मातकट गाळ उरतो, सोनं वाटतच नाही. डिंकात कालवून लावला, वाळला, अकीक फिरवला आणि एकदम पेटला. आईला हाक मारून दाखवलं. तिनं या वसलीचीही कड टोचून दिली होती, त्यावरच सोन्याची रेघ आली.

९ फेब्रुवारी

डोळा. तो शेवटी. आमच्याकडे गणपतीचे कारागीरही डोळ्यांची आखणी सगळं झाल्यावर करतात, आणि त्या वेळी कुणी बोलत नाही. मीही मोबाइल आत ठेवून आले. एकबाजू चेहऱ्यात डोळा बाजूनंच दिसायला हवा. हात सवयीनं पूर्ण बदामाचा आकार काढू बघतो, तो आवरला. पापणीची कड, बुबुळ, खालच्या पापणीची घडी. काजळ पहिल्यांदा चेहऱ्यात आलं. शेवटी सफेद्याचा एकच ठिपका.

ठिपका ठेवल्यावर मागे सरकले. माझा चेहरा हाशिमच्या चेहऱ्याइतका शांत नाही. हनुवटीखाली परदाज गर्दीचा झालाय, मानेची घडी ताठ आहे. पण तो आजारी दिसत नाही.

१२ फेब्रुवारी

कडेनं हाशिया आखला. पुढे माझं नाव घातलं नाही. मागे पेन्सिलीनं लिहिलं : हाशिमच्या चित्रावरून, तारीख, आणि खाका टोचणारीचं, म्हणजे आईचं नाव.

१५ फेब्रुवारी

वर्गात नेलं. चित्र हातोहात फिरवू दिलं नाही, एकेकाला खिडकीपाशी बोलावलं. नोव्हेंबरात जी मुलगी म्हणाली होती की नाक-ओठ दिसत नाहीत, ती बराच वेळ वाकून बघत राहिली. "बाई, यात तर निळा आहे!" तिला विचारलं, कुठे? तिनं जबड्याखालची सावली दाखवली. बरोबर. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "आमच्या गल्लीत नहरीचा जुना बंबा आहे, तो यांचाच ना?" नहर-ए-अंबरीचा. हो, म्हटलं, यांनीच डोंगरातलं पाणी शहरात आणलं.

मग सगळ्यांना गेरू आणि नीळ वाटली. काळा रंग पेटीतून काढून माझ्या टेबलावर ठेवायला लावला. त्यांनी शेजारी बसलेल्याचा चेहरा करायचा, एका बाजूनं. तास संपला तरी कुणी उठेना.

१६ फेब्रुवारी

जात्याखाली एक वसली शिल्लक आहे. हाशिमनंच केलेली इब्राहिम आदिलशाहाची शबीह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, तिचा फोटो उद्या छापायला टाकते. आईनं सुई बाजूला काढून ठेवली आहे.